तिशीतला शिकाऊ उमेदवार: उशीर नेमका कुणाचा?

पहिल्या दिवशी कारखान्याच्या गेटवर रांगेत उभ्या असलेल्या एका पोराने दादाला विचारलं, "काका, तुम्ही सुपरवायझर आहात का?" दादा म्हणाला, "नाही रे, मीपण तुझ्यासारखाच. फिटर ॲप्रेंटिस." पोरगा एकोणीस वर्षांचा. दादाला तीस पूर्ण झालेली. रात्री फोनवर हे सांगताना दादा हसत होता. मला मात्र हसू आलं नाही.

दादा आणि मी, दोघंही सध्या शिकतोय. मी अठ्ठावीस वर्षांची आहे आणि दक्षिणेतल्या एका केंद्रीय विद्यापीठात समाजशास्त्रात पीएचडी करते. मला महिन्याला ३७ हजार रुपये फेलोशिप मिळते. दादाला विद्यावेतन मिळतं ७ हजार. माझं वय कुणी काढत नाही. पीएचडीच्या प्रवेशाला वरची वयोमर्यादा नाही, आमच्या विभागात चाळिशीतले संशोधक आहेत आणि त्यांच्याकडे लोक आदराने बघतात. मनमाडला घरी गेले की वस्तीतली माणसं म्हणतात, "पोरगी डॉक्टर होणार." दादाबद्दल तीच माणसं म्हणतात, "एवढं एम.ए. करून शेवटी पान्हाच धरला का? आणि तोही या वयात?"

हा लेख त्या "या वयात"बद्दल आहे. डोक्याने शिकणाऱ्याचं वय मोजलं जात नाही आणि हाताने शिकणाऱ्याचं मोजलं जातं, हे कुठून आलं? आणि आपल्यासारख्या घरांतून पहिल्यांदा पदवीपर्यंत पोहोचलेल्यांनी हे मोजमाप मुकाट्याने का मान्य करावं?

आधी दादाला उशीर कसा झाला ते सांगते, कारण हा उशीर आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. आमचे आजोबा रेल्वेत गँगमन होते. वडील धान्याच्या गोदामात हमाल. दादा बारावी सायन्सला असताना वडिलांच्या पाठीचा मणका दुखावला आणि पोती उचलणं बंद झालं. दादा तेव्हा एकोणीस वर्षांचा, मी सोळाची. त्याने शिक्षण सोडलं आणि ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागला. शेडचे अँगल उचलायचे, वेल्डरला रॉड द्यायचे, रात्री साइटवर राखण करायची. माझी अकरावीची, मग बारावीची, मग कॉलेजची फी त्या हजेरीतून गेली. मुक्त विद्यापीठातून त्याने बी.ए. केलं, मग राज्यशास्त्रात एम.ए. केलं. त्यानंतर दोन वर्षं स्पर्धा परीक्षा. ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: पुण्यातली कॉट बेसिसची खोली, अभ्यासिका, पुढे ढकललेली परीक्षा, दोन मार्कांनी गेलेली यादी. अठ्ठाविसाव्या वर्षी तो परत आला आणि म्हणाला, "मी आयटीआय करतो. फिटर."

आयटीआयच्या प्रवेशाला वरची वयोमर्यादा नाही, त्यामुळे तिथे अडचण आली नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांसोबत दोन वर्षं त्याने व्हाइसमध्ये लोखंडी पट्टी धरून कानस मारली, ट्राय स्क्वेअर लावून उजेडाची फट बघितली, व्हर्नियरवर माप वाचायला शिकला. ज्या शेडवर तो दहा वर्षांपूर्वी अँगल उचलत होता, त्या शेडचं ड्रॉइंग आता त्याला वाचता येत होतं. आयटीआय पहिल्या वर्गात पास झाला. मग एका मोठ्या सरकारी वर्कशॉपची ॲप्रेंटिसची जाहिरात आली. वय १५ ते २४. अनुसूचित जातीसाठी पाच वर्षांची सवलत, म्हणजे २९. दादाला तीस पूर्ण होऊन चार महिने झाले होते. ऑनलाइन फॉर्ममध्ये जन्मतारीख टाकली की पुढचं पानच उघडत नव्हतं.

पाच वर्षांची सवलत. वडिलांचा मणका, माझी फी, ठेकेदाराकडची वर्षं, परीक्षेची वाट बघण्यात गेलेली वर्षं, हे सगळं त्या पाच वर्षांत बसवायचं. ते बसलं नाही, तर दोष आपला.

माझी रूममेट बिहारची आहे. तिच्याही घरी असाच एक भाऊ. तोही आधी घर चालवायला दिल्लीला गेला, उशिरा आयटीआय केलं आणि वयात बसला नाही. आम्ही दोघी दोन वेगळ्या भाषांत वाढलो, पण भावांची गोष्ट सांगताना आम्हाला एकमेकींना काही समजावून सांगावं लागलं नाही. उशिराला राज्याची हद्द नसते. जातीला आणि वर्गाला मात्र तो बरोबर ओळखतो. ज्या घरात आजोबा आणि वडील दोघंही नोकरदार होते, तिथला मुलगा बाविसाव्या वर्षी इंजिनिअर होतो. त्याची हुशारी मी नाकारत नाही. पण त्याची वर्षं कुणी मध्येच मागितली नाहीत, हेही तितकंच खरं आहे.

आता कायदा बघू. दादाला फॉर्म भरता आला नाही तेव्हा त्याने पहिलं काम केलं ते शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ डाउनलोड करून वाचायचं. राज्यशास्त्राचं एम.ए. इथे कामाला आलं. या कायद्यात किमान वय आहे: १४ वर्षं, आणि धोकादायक उद्योगांसाठी १८. वरची मर्यादा कायद्यात नाही. २४ हा आकडा संसदेच्या कायद्यातला नाही, तो भरती करणाऱ्या आस्थापनांच्या जाहिरातींतला आहे. रेल्वेच्या वेगवेगळ्या विभागांच्या आणि कारखान्यांच्या जाहिराती काढून बघा, १५ ते २४ हीच ओळ वर्षानुवर्षं छापली जाते. ही ओळ कुणीतरी ठरवली आहे, म्हणजे ती बदलताही येते.

आणि ती बदलता येते याचे पुरावे सरकारच्याच योजनांत आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिथे वय १८ ते ३५ ठेवलं. त्याच वर्षी केंद्राने मोठ्या कंपन्यांतल्या इंटर्नशिपची पंतप्रधान योजना आणली, तिच्या पहिल्या फेरीत वय २१ ते २४ होतं. दोन्ही योजना तरुणांना कामाच्या जागी शिकवण्यासाठी, दोन्ही एकाच वर्षातल्या. एका ठिकाणी पस्तिशीचा माणूस शिकू शकतो, दुसऱ्या ठिकाणी पंचविशीचा म्हातारा ठरतो. ब्रिटनमध्ये तर ॲप्रेंटिसशिपला वरची वयोमर्यादाच नाही. म्हणजे माणसाच्या शिकण्याच्या क्षमतेशी या आकड्याचा काही संबंध नाही.

त्याहून बोलकं उदाहरण पीएम विश्वकर्मा योजनेचं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली ही योजना १८ पारंपरिक व्यवसायांसाठी आहे: लोहार, सुतार, कुंभार, चांभार, न्हावी, धोबी वगैरे. किमान वय १८, वरची मर्यादा नाही. गुरू-शिष्य परंपरा आणि कुटुंबात चालत आलेलं कौशल्य बळकट करणं हा तिचा जाहीर उद्देश आहे. तामिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राला कळवलं की आहे त्या स्वरूपात ही योजना आम्ही राबवणार नाही, कारण ती जातीच्या धंद्याला बळ देते. कुटुंबाच्या पारंपरिक व्यवसायाची अट काढा आणि किमान वय ३५ करा, अशी त्यांची सूचना होती. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. बापाचाच धंदा करायचा असेल तर साठाव्या वर्षीही या. बापाला जिथे आत येऊ दिलं नाही त्या वर्कशॉपमध्ये शिकायचं असेल तर चोविसाच्या आत या.

"बापाला आत येऊ दिलं नाही" हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये आमच्याच मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं बाबासाहेबांनी तिथे सांगितलं, हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी कामाच्या जागांचा हिशोबही मांडला होता. अस्पृश्याला रेल्वेत गँगमनच्या पुढे जाता येत नाही. पोर्टर करत नाहीत, कारण स्टेशन मास्तरला पोर्टरकडून घरचीही कामं करून घ्यायची असतात आणि अस्पृश्याला घरात घेता येत नाही. वर्कशॉपमध्ये मेकॅनिकच्या, फोरमनच्या जागी अस्पृश्य दिसत नाही. कापड गिरण्यांतही तेच: विणकाम खात्यात पगार जास्त आणि तिथे अस्पृश्याला बंदी, कारण धागा तोंड लावून घ्यावा लागतो आणि त्यातून विटाळ होतो. जात म्हणजे नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांची उतरंड आहे, हे त्यांनी १९३६ मध्येच लिहिलं होतं. मनमाडमध्ये त्याचे दाखले दिले.

आमचे आजोबा गँगमन होते, असं मी वर लिहिलं. ते गँगमनच का होते, याचं उत्तर त्या भाषणात आहे.

पुढची गोष्ट आपल्यात कमी बोलली जाते. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या तक्रारींचं एक सविस्तर निवेदन दिलं. त्यात विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या आहेत, परदेशी शिक्षणाची सोय मागितली आहे. ते आपल्याला माहीत आहे, कारण परदेशी शिष्यवृत्तीची परंपरा आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी आहे: सरकारी छापखाने आणि रेल्वेची वर्कशॉप सरकारच्याच हातात आहेत, तिथे आमच्या मुलांना शिकाऊ म्हणून घेऊन तांत्रिक शिक्षण द्या. बाबासाहेबांनी दोन्ही दारं एकाच वेळी ठोठावली होती, विद्यापीठाचं आणि वर्कशॉपचं. आपण पहिल्या दाराची आठवण ठेवली, दुसऱ्याची ठेवली नाही.

ती आठवण ठेवणं गरजेचं आहे, कारण त्या मागणीचा एक भाग पुढे कायदा झाला. १९७३ च्या दुरुस्तीने शिकाऊ उमेदवार कायद्यात कलम ३अ आलं. प्रत्येक नियुक्त व्यवसायात मालकाने अनुसूचित जाती आणि जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवायच्या, असं ते कलम सांगतं. २००७ च्या दुरुस्तीने ओबीसींसाठी कलम ३ब आलं. इथे "मालक" या शब्दात खासगी कारखानदारही येतो. खासगी क्षेत्रात आरक्षण हवं म्हणून आपण वर्षानुवर्षं मोर्चे काढतो, परिसंवाद घेतो. खासगी क्षेत्रातल्या प्रशिक्षणाच्या जागांत ते कायद्याने आलेलंच आहे. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. म्हणजे लहानसहान कारखानेही यात येतात.

मग ह्या राखीव जागांचं काय होतं? दादाने त्याच्या कारखान्यात मनुष्यबळ विभागाच्या साहेबांना सरळ विचारलं, "साहेब, आपल्याकडे राखीव जागा किती भरल्यात?" साहेबांनी आधी त्याच्या फायलीतलं आडनाव पाहिलं. मग म्हणाले, "तुला काम शिकायचंय की राजकारण करायचंय?" त्यानंतर तीन आठवडे दादाची ड्युटी गोदामात होती, पेट्या मोजायला. फिटरच्या प्रशिक्षणात पेट्या मोजणं येत नाही. वीस वर्षांच्या पोराला हे कळत नाही, त्याला वाटतं कारखाना असाच असतो. दादाला कळलं, कारण त्याने करार वाचला होता आणि अभ्यासक्रमही. त्याने शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या कार्यालयात अर्ज करण्याची तयारी केली, तसं सुपरवायझरला सांगितलं, आणि चौथ्या आठवड्यात तो परत असेंब्लीवर आला.

वयाने मोठा असलेला शिकाऊ म्हणजे फक्त उशिरा आलेला माणूस नाही, हे मला यातून दिसलं. दादाच्या बॅचमधली पोरं त्याला आता "काका" म्हणत नाहीत, "सर" म्हणतात आणि त्याच्याकडून करार समजून घेतात. शिकाऊ उमेदवाराकडून सल्लागाराच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही, हे त्यांना दादाने सांगितलं. यंत्रावर हात गेला तर मालकाला नुकसानभरपाई द्यावी लागते, हेही सांगितलं. वयोमर्यादा घालून कारखान्यातून बाहेर ठेवला जातो तो नेमका असा माणूस. हे कुणी ठरवून करतं असं मी म्हणत नाही. पण याचा फायदा कुणाला होतो, हे उघड आहे.

शिवाय कायद्यातच एक गाठ आहे. कलम १८ म्हणतं की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगार कायदे त्याला लागू नाहीत. वर्षभर मशीनवर उभा राहणारा माणूस कागदावर विद्यार्थी असतो. विद्यावेतनाचंही तसंच. २०१४ नंतर काही काळ ते अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाशी जोडलेलं होतं, पहिल्या वर्षी त्याच्या ७० टक्के. २०१९ मध्ये ती सांगड तोडून ठरावीक आकडे आले: आयटीआय झालेल्याला किमान ७ हजार, पदविकाधारकाला ८, पदवीधर शिकाऊ उमेदवाराला ९. हे किमान आकडे आहेत, मालक जास्त देऊ शकतो. पण किमान हेच बहुतेक ठिकाणी कमाल होतं. सतरा वर्षांचा पोरगा आईवडिलांच्या घरी राहून सात हजारांत भागवेल. दादाला एक मुलगी आहे. वहिनी शिलाईचं काम करते, मी फेलोशिपमधून थोडे पाठवते, तेव्हा घर चालतं. ज्याच्या घरात शिलाई मशीन नाही आणि फेलोशिपवाली बहीण नाही, तो तिशीत शिकूच शकत नाही. वयोमर्यादा नुसती काढली आणि विद्यावेतन तसंच ठेवलं, तर दार उघडं राहील पण उंबरा छातीएवढाच असेल.

बायकांसाठी हा उंबरा आणखी उंच आहे. माझ्याबरोबर दहावी झालेल्या, विसाव्या वर्षी लग्न झालेल्या मुली आहेत. मुलं शाळेत जाऊ लागतात तेव्हा त्यांना स्वतःसाठी वेळ मिळतो. त्या वेळी त्या एकोणतीस-तीस वर्षांच्या असतात. जाहिरातीतला २४ चा आकडा लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर ह्या बाया कधीच नव्हत्या.

आता आपल्या आतल्या एका आक्षेपाकडे येते. तो मला माझ्याच मित्रमंडळींनी ऐकवला आहे आणि तो खोटा नाही. "आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताचीच कामं केली. शिक्षण घेतलं ते त्यातून सुटायला. आता तू सांगतेस परत लोखंड घासा?" हे ऐकताना मला वडिलांची पाठ आठवते आणि क्षणभर काही उत्तर सुचत नाही. त्यांनी आम्हाला शिकवलं ते पोती उचलायला लागू नयेत म्हणूनच.

पण इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. आपल्यावर लादलं गेलं ते कष्टाचं काम. आपल्याला नाकारलं गेलं ते यंत्राचं ज्ञान. आजोबांना हातोडा दिला होता, मोजपट्टी दिली नव्हती. अजंता सुब्रमणियन यांनी आयआयटी मद्रासवर २०१९ मध्ये लिहिलेल्या 'द कास्ट ऑफ मेरिट' या पुस्तकात हा इतिहास नीट उलगडला आहे. वसाहतीच्या काळात तांत्रिक शिक्षण उभं राहताना कारागीर जातींचं हाताचं कौशल्य खाली ढकललं गेलं, पुस्तकी इंजिनिअरिंग वर चढलं, आणि ज्या जातींनी कधी ऐरण पाहिली नव्हती त्या इंजिनिअर झाल्या. पुढे त्यालाच मेरिट म्हटलं गेलं. म्हणजे हात आणि डोकं यांची फाळणी हीसुद्धा जातीचीच करणी आहे. दादा फिटर झाला तेव्हा वस्तीतल्या लोकांना जे खटकलं आणि माझ्या पीएचडीबद्दल त्यांना जो अभिमान वाटला, त्या दोन्हीत ती फाळणी बोलत होती. मला मिळणाऱ्या आदरातही तिचा वाटा आहे, हे मान्य केल्याशिवाय मला हा लेख लिहिण्याचा अधिकार नाही.

म्हणून मी असं म्हणत नाही की पदवीधरांनी प्राध्यापकीची, अधिकारीपदाची स्वप्नं सोडावीत आणि आयटीआयला जावं. "कौशल्य शिका, आरक्षण मागू नका" असं सांगणाऱ्यांच्या सुरात मला सूर मिसळायचा नाही. जागा रिकाम्या ठेवायच्या, भरती थांबवायची आणि पोरांना कौशल्याची प्रवचनं द्यायची, हा खेळ आपण ओळखतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याला यंत्राकडे जायचं आहे त्याला ती वाट कोणत्याही वयात खुली असली पाहिजे, आणि त्या वाटेच्या शेवटी नोकरी असली पाहिजे.

शेवटी नोकरी असते का? कायदा मालकावर तशी सक्ती करत नाही. २० मार्च २०१८ ला सकाळी मुंबईत दादर-माटुंग्याच्या दरम्यान रुळांवर बसलेली पोरं आठवत असतील. लोकल बंद पडल्या, लाठीमार झाला, चॅनेलवर प्रवाशांच्या हालाच्या बातम्या चालल्या. ती पोरं रेल्वेच्याच वर्कशॉपमध्ये ॲप्रेंटिसशिप पूर्ण केलेली होती. खालच्या स्तरावरच्या भरतीत त्यांच्यासाठी २० टक्के जागा ठेवल्या होत्या. आम्हाला तुम्हीच शिकवलं, मग सगळ्यांना घ्या, एवढंच ते म्हणत होते. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सांगितलं होतं की बाकी सगळं समान असेल तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावं, आणि वय आड येत असेल व सेवानियमांत सवलतीबद्दल काही लिहिलेलं नसेल, तर प्रशिक्षणाच्या काळाएवढी सवलत द्यावी. शिकण्यात गेलेला वेळ माणसाच्या वयात धरू नये, हे तत्त्व कोर्टाने तेव्हाच मान्य केलं आहे. आमची मागणी त्याच तत्त्वाचा पुढचा पल्ला आहे. शिकायला मिळावं म्हणून वाट बघण्यात गेलेला वेळही आमच्या वयात धरू नका.

थोडक्यात मागण्या अशा. सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातल्या ॲप्रेंटिसशिपची वरची वयोमर्यादा काढा. कायद्यात नाही ती जाहिरातीत नको. विद्यावेतन पुन्हा किमान वेतनाशी जोडा. कलम ३अ आणि ३बखालच्या राखीव जागा आस्थापनेनुसार दरवर्षी जाहीर करा: किती होत्या, किती भरल्या, उमेदवार मिळाला नाही म्हणून किती इतरांकडे वळवल्या. आणि प्रशिक्षण पूर्ण झालेल्यांना भरतीत प्राधान्य देण्याचं कोर्टाचं म्हणणं कागदावर ठेवू नका.

या मागण्या सरकारकडे. एक मागणी आपल्याकडे आहे. आपल्या वस्त्यांतल्या अभ्यासिकांत, वाचनालयांत स्पर्धा परीक्षांच्या जाहिराती भिंतीवर लावलेल्या असतात. त्यांच्या शेजारी ॲप्रेंटिसशिपच्या जाहिराती आणि या कायद्याची माहितीही लावा. आपल्यातले वकील, प्राध्यापक, संशोधक यांनी माहिती अधिकारात आपापल्या जिल्ह्यातल्या राखीव प्रशिक्षण जागांचा हिशोब मागावा. मी नाशिक जिल्ह्यापासून सुरुवात करते आहे. तुम्ही जिथे आहात तिथून करा, मग ते नागपूर असो, सुरत असो, हैदराबाद असो की भिलाई.

आणि घरात कुणी तिशीत, पस्तिशीत पुन्हा वही-पेन घेऊन किंवा कानस-पान्हा घेऊन शिकायला बसलं, तर "आता या वयात?" असं विचारू नका. त्याची आधीची वर्षं कुणासाठी गेली ते आठवून बघा. आमच्या घरात त्यातली बरीच माझ्यासाठी गेली. दादाची ॲप्रेंटिसशिप संपायला अजून पाच महिने आहेत. त्यानंतर त्याला कोण घेईल ते माहीत नाही. पण परवा त्याने पहिल्यांदा एका गिअरबॉक्सची पूर्ण जुळणी एकट्याने केली आणि तपासणीत ती पास झाली. त्याने फोटो पाठवला. वडिलांनी तो मोबाइलवर मोठा करून बघितला आणि विचारलं, "हे सगळं तुला वाचता येतं?" दादा म्हणाला, "येतं."

जय भीम.